रुग्ण हलला

"आजच्या दिवसापासून," आरोग्य खात्याचे उपसंचालक माइकवरून म्हणाले, "मानवजातीच्या इतिहासाचे दोन भाग पडतील. सुई टोचून घेताना माणूस तोंड फिरवत होता तो पहिला, आणि इथून पुढचा दुसरा."

एवढं बोलून त्यांनी शर्टाची बाही वर केली, हात यंत्राच्या खाचेत ठेवला आणि तोंड फिरवलं.

यंत्राने हातावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकला, दोनदा गुणगुणलं आणि गोड आवाजात जाहीर केलं, "रक्तवाहिनी आढळली नाही. कृपया जिवंत व्यक्तीचा हात ठेवावा."

खात्यातल्या वरिष्ठांबद्दल इतकं स्पष्ट मत मोहरगावच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याआधी कुणी मांडलं नव्हतं. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा तरुण इंजिनियर निनाद बाबर याच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात पेढ्यांचं ताट घेऊन मागे उभ्या असलेल्या शालन ढोबळे पुढे आल्या. ताट त्यांनी माइकवाल्याच्या हातात दिलं आणि लॅबमधली गरम पाण्याची पिशवी आणली.

"साहेब, सकाळपासून पाणी प्यालात का?"

"वेळ कुठे मिळाला, बाई."

"हे घ्या, पूर्ण ग्लास संपवा. हात खाली सोडा. असा. आणि मुलगी कितवीत आहे म्हणालात?"

साहेब म्हणालेच नव्हते. पण मुलीच्या परीक्षेबद्दल ते चार मिनिटं बोलले, पिशवीने हात शेकला गेला, भीतीने आणि पंख्याच्या वाऱ्याने आत दडून बसलेली शीर वर आली. यंत्राने ती पाहिली, रक्त काढलं, टाळ्या झाल्या. टाळ्या यंत्राला झाल्या. शालनबाई पेढ्यांच्या ताटाकडे परत गेल्या. त्यात सहा पेढे कमी होते.

ही २०३९ सालची गोष्ट. यंत्राचं सरकारी नाव 'शिरादूत' होतं. गावाने तिसऱ्या दिवशी त्याचं नाव 'डास' ठेवलं आणि मग शिरादूत हा शब्द फक्त परिपत्रकात उरला.

शालनबाई अठ्ठावीस वर्षं त्या लॅबमध्ये रक्त काढत होत्या. कोपराच्या खळग्यातल्या तीन शिरा त्यांना माहेरच्या माणसांसारख्या ठाऊक होत्या. अंगठ्याच्या बाजूने येणारी ती सेफॅलिक, करंगळीच्या बाजूने येणारी ती बॅसिलिक, आणि दोघींना तिरकी जोडणारी मधली. मधली गुणी, पहिला मान तिचा. ती रुसली तर बाहेरची. आतल्या बाजूची बॅसिलिक दिसायला टपोरी असली तरी तिच्या शेजारी मज्जातंतू आणि खाली धमनी, म्हणून तिच्याकडे अगदी शेवटी जायचं. त्या डोळ्यांनी कधी शीर शोधत नसत. पट्टा बांधायच्या, तर्जनीने चाचपायच्या आणि त्या वेळी छताकडे बघायच्या. शीर दाबली की रबरासारखी परत उसळते. मज्जातंतूला सुई लागली तर माणसाच्या हातात वीज चमकते, म्हणून सुई आत जाताना त्या हमखास विचारायच्या, "मुंग्या? झिणझिण्या? नाही ना? मग जेवायला काय आहे आज?"

डास आल्यावर परिपत्रक निघालं. जिथे यंत्र आहे तिथे हाताने रक्त काढायचं नाही. अपवाद एकच. यंत्राने स्वतः 'असमर्थ' असा शेरा दिला तर. नळ्यांवरचे क्रमांकही यंत्रच छापायचं, आणि त्या क्रमांकाशिवाय पुढचं तपासणी यंत्र नळी तोंडात घ्यायचं नाही. गावातल्या दोन्ही खासगी लॅबनीही डासच आणले. शालनबाईंकडे आता दोन कामं उरली होती. "पुढचे या" असं म्हणणं, आणि संध्याकाळी डासाची काच पुसणं.

त्यावर त्या कुणाशी काही बोलल्या नाहीत, कारण निनाद बाबर हा त्यांचा जावई होता.

एका रविवारी तो जेवायला आला तेव्हा त्याने आनंदाने समजावून सांगितलं. "मामी, सोपं आहे. रक्तातला लाल पदार्थ हा प्रकाश पिऊन टाकतो आणि भोवतालचं मांस तो परत फेकतं. त्यामुळे कॅमेऱ्यात शीर काळी दिसते. काळी, सलग, जाड रेघ दिसली की तिथे सुई."

"आणि मज्जातंतू?"

"त्यात रक्त नसतं, त्यामुळे तो दिसत नाही."

"मग चुकवतं कसं?"

"शिकलंय ना. चाळीस लाख हातांवर."

"कुणाच्या हातांवर, जावईबापू?"

"शहरांमधल्या कंपन्यांत तपासणी शिबिरं घेतली होती. तरुण मंडळी."

शालनबाईंनी त्याच्या वाटीत न विचारता आमटी वाढली. निनादला वाटलं, लाड चाललेत. पाच वर्षांत त्याला एवढं कळलं नव्हतं, की सासूबाईंना विरोध नोंदवायचा असला की त्या वाढतात.

त्याचा जीव एका आकड्यात अडकला होता. लागोपाठ दहा हजार वेध, एकही चूक नाही, असं झालं की यंत्र राज्यभर जाणार होतं आणि निनाद पुण्यात प्रकल्पप्रमुख होणार होता. आकडा नऊ हजारांवर पोचला होता. मध्ये रक्त न आल्याचे काही प्रसंग घडले होते, पण यंत्राने त्या प्रत्येकापुढे 'रुग्ण हलला' असा शेरा मारला होता, आणि रुग्ण हलला तर ती यंत्राची चूक धरत नसत. असे शेरे दोनशे चौदा होते. मोहरगावची माणसं फार हलतात, असं कंपनीच्या एका अहवालात नमूदही झालं होतं.

दोनशे पंधरावा शेरा निनादच्या आईला मिळाला.

अनुसयाबाई बाबर, वय सदुसष्ट. त्यांच्या हृदयात धातूची झडप होती. ती गोठून बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी रक्त तपासून गोळीचं माप ठरवावं लागे. बोटाच्या थेंबावर होणारी सोपी चाचणी त्यांच्या रक्ताला लागू पडत नव्हती, तसं डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं. शिरेतलंच रक्त हवं, आणि तेही डाव्या हाताचं, कारण दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनच्या वेळच्या सलाइनांनी उजव्या हाताच्या शिरा पार बसल्या होत्या. तोवर शहरातल्या डॉक्टरांचा माणूस घरी येऊन रक्त न्यायचा; तो यायचा बंद झाला आणि त्या पहिल्यांदाच डासापुढे बसल्या.

डासाने त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि पडद्यावर अठ्ठ्याण्णव टक्के खात्री दाखवली. सुई गेली. अनुसयाबाईंच्या कोपरापासून मनगटापर्यंत वीज सळसळली. त्या ओरडल्या. "कृपया शांत राहा," यंत्र म्हणालं, आणि सुई आणखी थोडी आत घातली. मग रक्त न मिळाल्याने बाहेर काढली. पडद्यावर आलं: रुग्ण हलला.

संध्याकाळपर्यंत कोपराखाली आंब्याएवढी निळी सूज आली. दुसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंतची अंगठ्याच्या बाजूची कातडी मुकी झाली. पदर लागला की आग, आणि एरवी काहीच नाही. चार महिन्यांच्या नातीला त्याच रोज न्हाऊ घालायच्या. पाण्याचा कढ त्या कायम डाव्या हाताच्या त्याच जागेवर बघायच्या. त्या दिवशी पाणी ओतून बघितलं तर कढत का कोमट, कळेना. त्यांनी बादली सरकवली आणि सुनेला हाक मारली. "रेवती, आजपासून पोरीला तू न्हाऊ घाल. माझा हात खोटं बोलाय लागला."

रात्रीच्या जेवणाला निनाद म्हणाला, "आई, तू हललीस."

"मी?" अनुसयाबाईंनी भाकरी खाली ठेवली. "माझ्या पायावर नाग चढला हुता तवा हलले न्हाई. तुझ्या बापाबरं चाळीस वर्सं काढली, हलले न्हाई. आता मेल्या डासापुढं हलीन?"

"नोंद आहे, आई."

"मग नोंदीलाच गोळ्या दे. मी त्या खोलीत पाय ठेवायची न्हाई."

आणि त्यांनी ठेवला नाही. पंधरा दिवस गेले, मग आणखी बारा. रेवतीने आपल्या आईला फोन केला. "आई, दात घासताना सासूबाईंच्या हिरड्यांतून रक्त येतंय. गोळी कमी करू का म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणतात, तपासल्याशिवाय हात लावणार नाही. तू बोल ना सासूबाईंशी."

बोलणं सोपं नव्हतं. या दोन विहिणी पाच वर्षं एकमेकींशी फक्त हळदीकुंकवापुरत्या बोलत होत्या. त्याला कारण लग्नातलं. बांगड्या भरताना अनुसयाबाईंचा उजवा हात हातात घेऊन शालनबाई पन्नास बायकांपुढे मनापासून म्हणाल्या होत्या, "अगं बाई, काय सुंदर शिरा आहेत तुमच्या!" त्यांच्या मते ही सर्वोच्च दाद होती. अनुसयाबाईंनी घरी जाऊन सांगितलं, "इहीणबाईंनी भर मांडवात माझी हाडं मोजली."

तरी शालनबाई गेल्या. दारातच म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही हलला नाहीत, हे मला माहीत आहे."

अनुसयाबाईंनी पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हाताने पाट दिला.

शालनबाईंनी हात बघितला. सूज पिवळी पडत होती आणि तिच्या मधोमध सुईचा डाग होता. डाग बरोबर एका हिरव्या रेघेवर होता. अनुसयाबाईंच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपराच्या खळग्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत गोंदणाची वेल होती.

"हे कधीचं?"

"नऊ वर्साची हुते. जत्रत गोंदून घेतलं. बाई दिव्याची काजळी आणि कसला रस सुईनं टोचायची. आई म्हणाली, मेल्यावर डागिनं हितंच ऱ्हात्यात, गोंदण तेवढं संगं येतं." त्या थांबल्या. "तवा बी हलले न्हवते."

काजळी. काळी, सलग, जाड रेघ. शालनबाई त्या वेलीवर वाकल्या. कातडीत रुजलेली काजळी प्रकाश पिते, आणि यंत्राला वाटतं, ही शीर. गोंदणारीने वेल सरळ काढली होती आणि तिच्या खालून नेमका तो मज्जातंतू जातो, जो कोपराखालच्या अंगठ्याकडच्या कातडीला स्पर्श पोचवतो. त्या रेघेत रक्त कधीच नव्हतं, म्हणून आलं नाही. आणि दोनशे पंधरा हलणारी माणसं? त्यांतल्या किती म्हाताऱ्यांच्या हातावर तुळशी, पाळणे आणि ठिपके होते, हे शालनबाईंना आठवू लागलं. "पुढचे या" म्हणून त्यांनीच तर त्यांना आत सोडलं होतं.

त्या उठल्या. "विहीणबाई, उद्या दहा वाजता लॅबमध्ये या. डास तुम्हाला शिवणार नाही. माझा शब्द."

"आणि शिवला तर?"

"तर त्याची सुई मी मोडीन. मग नोकरी गेली तरी चालेल."

सकाळी आधी त्या वैद्यकीय अधीक्षक डॉ. कुलथे यांच्याकडे गेल्या. कुलथे सज्जन होते आणि परिपत्रकाबाहेर कधी गेले नव्हते. त्यांनी चष्मा लावून परिपत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. "ढोबळेबाई, यात गोंदण हा शब्दच नाही. यंत्र असमर्थ म्हणालं पाहिजे. आणि ते तर अठ्ठ्याण्णव टक्के समर्थ आहे."

"बरं. मग साहेब, दहाला जरा लॅबमध्ये या. एक रुग्ण दाखवायचाय."

दहा वाजता लॅबमध्ये निनाद आला, डॉ. कुलथे आले, आणि दाराशी बाकावर अनुसयाबाई डावा हात पदराखाली घेऊन बसल्या. शालनबाईंनी पिशवीतून एक लांबसडक दुधी भोपळा काढला. त्याला गरम पाण्याच्या पिशवीत वीस मिनिटं गुंडाळून ठेवलं होतं, कारण डासाला थंड हात चालत नाही, हे उद्घाटनाच्या दिवशीच कळलं होतं. भोपळ्याच्या अंगावर त्यांनी नातीच्या डबीतल्या काजळाने एक सुबक रेघ ओढली होती. त्यांनी तो खाचेत ठेवला.

"मामी, हे काय?"

"जावईबापू, एवढ्या भोपळ्याचं रक्त काढून द्या. उपाशीपोटी आहे."

"मामी, यंत्र लगेच सांगेल, जिवंत व्यक्तीचा—"

यंत्र दोनदा गुणगुणलं. "नमस्कार," ते म्हणालं. "कृपया हात सैल सोडा." पडद्यावर काळी रेघ उमटली. खात्री: नव्व्याण्णव टक्के. उपसंचालकांना जे जमलं नव्हतं ते भोपळ्याला जमलं होतं.

सुई खाली आली आणि भोपळ्यात गेली. थांबली. अंमळ आणखी आत गेली. "कृपया शांत राहा." मग बाहेर आली.

पडद्यावर अक्षरं आली: रुग्ण हलला.

डॉ. कुलथे यांनी भोपळ्याकडे पाहिलं. भोपळा अत्यंत स्थिर होता.

"हलला व्हय?" दारातून अनुसयाबाईंनी विचारलं.

निनाद खुर्चीवर बसला. "मामी, सोमवारी समितीची बैठक आहे. आकडा नऊ हजार सातशेवर गेलाय. आता मी माझ्या सांकेतिक शब्दाने यंत्राला 'असमर्थ' म्हणायला लावलं तर मोजणी शून्यापासून. शिवाय जुने सगळे शेरे तपासले जाणार. आठ दिवस थांबूया? बैठक झाली की मी स्वतः गोंदण ओळखायचं शिकवतो त्याला. शपथ."

शालनबाईंनी त्याच्यावर आवाज चढवला नाही. त्यांच्याकडे जावयावर आवाज चढवत नाहीत. त्यांनी भोपळा उचलून बाजूला ठेवला, रुग्णाच्या स्टुलावर स्वतः बसल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"थांबा की, जावईबापू. आठ दिवस तुम्ही थांबा. तुमच्या आईंच्या हिरड्यांतलं रक्त आठ दिवस थांबायला तयार आहे का, ते त्यालाही विचारून बघा. मी इथून उठत नाही. आणि आजपासून या दारातून गोंदणाचा एकही हात मी आत सोडणार नाही. साहेब, मेमो द्यायचा असेल तर इथेच आणून द्या, सही करते."

डॉ. कुलथे यांनी परिपत्रक खिशात घातलं. "मेमोचा नमुना संपलाय," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीतलं हे एकमेव बंड होतं.

निनादने आईकडे पाहिलं. अनुसयाबाईंनी पदराखालचा हात बाहेर काढला होता आणि दुसऱ्या हाताने त्या मुक्या जागेवर फुंकर घालत होत्या. लहानपणी त्याचं कोपर खरचटलं की अशीच घालायच्या.

"आई," तो म्हणाला, "तू हलली नव्हतीस."

त्याने आपला सांकेतिक शब्द टाइप केला आणि 'असमर्थ' दाबलं. नऊ हजार सातशेवरचा आकडा एकदम शून्य झाला. यंत्राने निमूटपणे एका नळीचा क्रमांक छापून दिला.

शालनबाईंनी कित्येक महिन्यांनी हातमोजे चढवले. दंडाला पट्टा बांधला, तर्जनी खळग्यात ठेवली आणि छताकडे पाहिलं. सुजेपासून दूर, मध्यभागी, डोळ्यांना मुळीच न दिसणारी मधली शीर बोटाखाली रबरासारखी उसळली.

"मुंग्या? झिणझिण्या?"

"न्हाई."

"जेवायला काय आहे आज?"

"तुमी इचारताय म्हंजी जेवायला येताय," अनुसयाबाई म्हणाल्या. तोवर नळी भरली होती, पट्टा सुटला होता. शालनबाईंनी कापूस दाबून धरला. पातळ रक्ताला थांबायला वेळ लागतो, म्हणून दोघी तशाच बसून राहिल्या.

"इहीणबाई, लग्नात तुमी माझ्या शिरांला काय म्हणला हुता?"

"सुंदर."

"खरंच सुंदर म्हणायचं हुतं?"

"अठ्ठावीस वर्षांत असा हात नाही बघितला."

"मग नीट सांगायचं की!" अनुसयाबाई म्हणाल्या. "पाच वर्सं फुकट रागावले."

रक्त हवं त्यापेक्षा दुपटीने पातळ निघालं. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद ठेवली, मग माप कमी केलं. चार दिवसांत हिरड्या कोरड्या झाल्या. जुने शेरे तपासले गेले तेव्हा दोनशे पंधरांपैकी एकशे नव्वद हात गोंदणाचे निघाले, पुण्याचं पद दुसऱ्या कुणाला गेलं, आणि परिपत्रकात एका ओळीची भर पडली. हात चाचपून झाल्यावर आणि रुग्णाला विचारल्यावरच यंत्र लावावं. चाचपणार कोण, तर ढोबळेबाई. भोपळ्याचं काय झालं, याची नोंद नाही. डॉ. कुलथे यांच्या घरी त्या दिवशी थालीपीठ होतं.

दीड महिन्याने एका रविवारी सगळे शालनबाईंकडे जेवायला जमले. अनुसयाबाईंच्या मुक्या जागेत आता मुंग्या येऊ लागल्या होत्या. मज्जातंतू परत जागा होताना तसं होतं, शालनबाई म्हणाल्या, आणि त्या सकाळी नातीच्या पाण्याचा कढ अनुसयाबाईंना पुसटसा कळलाही होता. जेवणानंतर निनाद म्हणाला, "मामी, मला चाचपायला शिकवा." मग त्याने स्टूल ओढलं, शालनबाईंच्या दंडाला पट्टा बांधला, तर्जनी खळग्यात ठेवली आणि छताकडे बघितलं.

आणि अचानक त्याच्या बोटाखाली काहीतरी उसळलं.

"सापडली!" तो उठून उभा राहिला. "मामी, आता मला कळलं! यंत्राला नुसते डोळे देऊन भागणार नाही, त्याला बोट द्यायला हवं. मऊ, दाब ओळखणारं. ते आधी विचारेल, मुंग्या येतात का म्हणून. उत्तर ऐकेपर्यंत थांबेल. आणि ते शहरात शिकणार नाही, इथे शिकेल, गोंदलेल्या हातांवर, कामाने रापलेल्या हातांवर! आई, ऐकतेस ना? आजच्या दिवसापासून या विज्ञानाच्या इतिहासाचे दोन भाग पडतील—"

अनुसयाबाई कौतुकाने ऐकत होत्या. नात ऐकत होती. तो पाच-सहा मिनिटं बोलला, आणि बोलणं ओघात होतं, म्हणून शालनबाईंनी मध्ये तोडलं नाही. जावयाचं बोलणं तोडत नाहीत. शेवटी त्याने श्वास घ्यायला जागा दिली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या,

"जावईबापू, तेवढा पट्टा सोडता का? बोटं निळी झालीत."